मेसेज अर्धवट का पोचतो? अपाचे कॅमल आणि नेटीमधली कापाकापी शोधताना

मराठीत एसएमएस टाइप करताना वरच्या आकड्याकडे कधी लक्ष गेलंय? इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. मध्ये एक जरी मराठी अक्षर आलं, की तोच आकडा धाडकन ७० वर येतो. एसएमएसला जागा १४० बाइटचीच असते. साधी इंग्रजी अक्षरं त्यात ७ बिटांत बसवली जातात, मराठीला मात्र प्रत्येकी १६ बिट लागतात. मेसेज त्याहून लांब असेल तर फोन त्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर 'तीनपैकी दुसरा' अशी चिठ्ठी लावतो, आणि समोरचा फोन ते जोडून दाखवतो. चिठ्ठीलाही जागा लागते, म्हणून लांब मराठी मेसेजच्या प्रत्येक तुकड्यात ७० नाही, ६७ च अक्षरं जातात.

हे सगळं फोन गुपचूप करतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. सर्व्हरच्या दुनियेत मात्र ही चिठ्ठी लावायचं काम तुमच्यावर येतं. ती लावली नाही, किंवा चुकीची लावली, तर मेसेज अर्धवट पोचतो. आणि बऱ्याचदा कुठेही लाल अक्षरात एरर दिसत नाही!

मी जवा लिहितो आणि माझं बरंचसं काम अपाचे कॅमलवर चालतं. कॅमल हे इंटिग्रेशन फ्रेमवर्क आहे, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलतं करणारा मधला माणूस. २००७ पासून ते आहे, आणि त्याची मूळ कल्पना ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांच्या २००३ च्या 'एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स' या पुस्तकावरून आली आहे. एका बाजूने फाइल येते, दुसरीकडे डेटाबेसमध्ये जाते. एका यंत्राकडून नेटवर्कवर मेसेज येतो, तो तपासून दुसऱ्या सर्व्हरला दिला जातो. या वाटेला कॅमलमध्ये रूट म्हणतात. थेट टीसीपी किंवा यूडीपीवरून बोलायचं असेल तर कॅमल सहसा नेटी नावाची लायब्ररी वापरतं. आजचा विषय तिथलाच आहे.

एक सूचना. पर्यायांची नावं मी इथे सुटी लिहिली आहेत. कॉन्फिगरेशनमध्ये ती जोडून लिहायची असतात: पहिलं अक्षर लहान, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

आधी बघा, मेसेज खरंच कापलाय का?

हसू नका, पण अर्धा दिवस इथेच जाऊ शकतो. मेसेज पूर्ण आलेला असतो, फक्त लॉगमध्ये अर्धा दिसतो. कॅमलचा लॉग कंपोनंट मूळ सेटिंगमध्ये १०,००० अक्षरांनंतर थांबतो (पर्यायाचं नाव 'मॅक्स कॅर्स'). डीबग, ट्रेस किंवा एररच्या वेळी कॅमल मेसेजचा मजकूर छापतं, तिथे मर्यादा १,००० अक्षरांची आहे, आणि शेवटी 'बॉडी क्लिप्ड' असं लिहून एकूण लांबीही दिलेली असते. ती ओळ शेवटपर्यंत वाचली तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

म्हणून पहिलं काम: मजकूर छापू नका, त्याची लांबी छापा. तीही बाइटमध्ये. पाठवणाऱ्याकडची लांबी आणि तुमच्याकडची लांबी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारख्या असतील तर चहा प्या आणि लॉगची मर्यादा वाढवा.

लांबी खरंच कमी असेल, तर नेमका कितव्या बाइटवर मेसेज तुटला ते लिहून ठेवा. तो आकडा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पुढे तो लागणार आहे.

टीसीपी हा नळ आहे, पत्रपेटी नाही

नवीन मुलांचा (आणि काही जुन्या मंडळींचाही) असा समज असतो की समोरच्याने एकदा 'सेंड' केलं की आपल्याकडे एकदा 'रिसीव्ह' होणार. टीसीपी असं कुठेच म्हणत नाही. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये नाही आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९२९३ मध्येही नाही. टीसीपी एवढंच वचन देतो की बाइट क्रमाने येतील आणि मधला एकही गळणार नाही. मेसेज कुठे संपतो, हे त्याला माहीतच नसतं.

नळाखाली बादली लावा. वरच्या मजल्यावर कुणी तीन तांबे पाणी ओतलं, की एकच मोठा तांब्या ओतला, हे खालून कळत नाही. कधी अर्धा तांब्या येईल, कधी दीड.

इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची मर्यादा १,५०० बाइट. त्यातून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले की उरतात १,४६०. टाइमस्टॅम्प चालू असेल, आणि लिनक्सवर तो बहुधा असतो, तर १,४४८. म्हणजे दोन हजार बाइटचा मेसेज दोन पॅकेटांतून येणार हे नक्की. नेटीने वाचलं तेव्हा दोन्ही पोचलेली असतील तर मेसेज अख्खा दिसतो, एकच पोचलं असेल तर अर्धा. म्हणून हा दोष लहरी वाटतो. सकाळी होतो, दुपारी होत नाही, आणि साहेब बघायला आले की अजिबातच होत नाही.

तुमच्या लॅपटॉपवर तर तो दिसणारच नाही. एकाच मशिनवर पाठवणारा आणि घेणारा असले की डेटा लूपबॅकवरून जातो, आणि लिनक्समध्ये त्याची पॅकेट मर्यादा ६५,५३६ बाइट असते. दोन हजार बाइट एका घासात!

यावर उपाय एकच, मेसेजच्या सीमा स्वतः आखायच्या. याला फ्रेमिंग म्हणतात. एक पद्धत अशी की मेसेजच्या शेवटी ठरलेली खूण ठेवायची, उदाहरणार्थ नवी ओळ. दुसरी अशी की सुरुवातीलाच लांबी लिहायची: 'पुढचे एकवीस बाइट माझे'. नेटीमध्ये हे काम फ्रेम डिकोडर करतो. पूर्ण मेसेज जमेपर्यंत तो तुकडे साठवतो आणि मगच पुढे सोडतो.

गडबड होते ती स्ट्रिंग डिकोडरमुळे. नावावरून वाटतं की हा मेसेज वाचणारा डिकोडर असावा. तो फक्त आलेल्या बाइटचं अक्षरांत रूपांतर करतो. जेवढे आले तेवढ्यांचं. टीसीपीवर त्याच्या आधी फ्रेम डिकोडर लावायलाच हवा, हे नेटीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. पण चाचणीत छोटे मेसेज जातात, सगळं हिरवं दिसतं, आणि ते पान कुणी उघडत नाही.

१.८ ऐवजी १

हे किती महागात पडू शकतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणारी यंत्रं होती, त्यांचे निकाल कॅमलमार्फत हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचे. जोडणी आधीच्या कंत्राटदाराने केली होती, आमच्या टीमकडे देखभालीला आली. लॅबमधल्या एका ताईंच्या लक्षात आलं की एका रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा आहे, पण त्याच्यापुढे एकक नाही. त्यांनी यंत्राची छापील पट्टी काढून बघितली. पट्टीवर १.८, रिपोर्टमध्ये १.

क्रिएटिनिन हे मूत्रपिंड कसं काम करतंय याचं माप आहे. १ पाहून डॉक्टर पुढे जातील, १.८ पाहून थांबतील.

असले निकाल एचएल७ नावाच्या स्वरूपात जातात. त्यात प्रत्येक चाचणीची एक ओळ असते: आधी आकडा, मग एकक, मग सर्वसाधारण पल्ला, आणि मग आकडा जास्त असेल तर 'एच' ही खूण. मेसेज 'एक' आणि 'दशांश चिन्ह' यांच्या मधोमध तुटला होता. त्यामुळे नुसता आकडाच चुकला नाही, तर धोक्याची खूणही गेली. त्याखालच्या चाचण्या तर रिपोर्टमध्ये आल्याच नव्हत्या, जणू त्या केल्याच नाहीत.

कॉन्फिगरेशन उघडलं तर फक्त स्ट्रिंग डिकोडर. फ्रेम डिकोडर नाहीच. वायरशार्क लावला, पहिलं पॅकेट १,४४८ बाइटचं, उरलेलं दुसऱ्यात. पहिला तुकडा आला की रूट त्यालाच मेसेज समजायचं. शेवटच्या ओळी नसल्या तरी एचएल७ वाचणाऱ्या लायब्ररीची तक्रार नसते, कारण किती चाचण्या असाव्यात हे तिला कुठून माहीत? वरून यंत्राला 'मिळालं, ठीक आहे' अशी पोचही जायची. त्यामुळे यंत्र खूश, सॉफ्टवेअर खूश.

आता एक प्रश्न, जो असा दोष शोधताना कायम विचारावा: उरलेला तुकडा कुठे गेला? टीसीपी बाइट हरवत नाही, म्हणजे शेपूट कुठेतरी असणारच. ते एररच्या लॉगमध्ये सापडलं. दुसरा तुकडा स्वतंत्र मेसेज म्हणून आत यायचा, त्याला डोकं नसायचं, मग 'चुकीचा मेसेज' म्हणून फेकला जायचा. त्या एरर रोज दिसायच्या, आणि 'यंत्र कधीकधी कचरा पाठवतं' असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तो कचरा म्हणजे रुग्णांच्या रिपोर्टांची खालची अर्धी बाजू होती.

दुरुस्ती दोन ओळींची होती. एचएल७ टीसीपीवरून जातो तेव्हा एमएलएलपी नावाची फ्रेमिंग वापरतात: सुरुवातीला ११ क्रमांकाचा बाइट, शेवटी २८ आणि १३. कॅमलच्या एचएल७ मॉड्यूलमध्ये यासाठी नेटीचे एन्कोडर आणि डिकोडर तयार मिळतात, ते लावले. (आता नवीन काम असेल तर मी कॅमलचा स्वतंत्र एमएलएलपी कंपोनंट घेतो, त्यात हे सगळं आतच आहे.) खरं काम नंतरचं होतं. एररच्या लॉगमधल्या प्रत्येक बिनडोक्याच्या तुकड्यावर रुग्णाचं नाव नसतं, फक्त वेळ असते. त्या वेळेवरून रिपोर्ट जुळवणं, यंत्रातून निकाल पुन्हा काढणं आणि लॅबने रुग्णांना फोन करणं, यात त्या ताईंचे आणि आमचे बरेच दिवस गेले.

टेक्स्टलाइन आणि १,०२४

मेसेज साधा मजकूर असेल आणि प्रत्येक मेसेज नव्या ओळीने संपत असेल, तर कॅमलच्या नेटी कंपोनंटमध्ये 'टेक्स्टलाइन' चालू करणं पुरतं. पण एका ओळीची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १,०२४ बाइट आहे. 'डिकोडर मॅक्स लाइन लेंथ' हा पर्याय वाढवला नाही तर लांब ओळ आली की 'टू लाँग फ्रेम' असं एक्सेप्शन येतं. इथे निदान आरडाओरडा तरी होतो.

यात एक उपप्रकार आहे. पाठवणारा नवी ओळ पाठवतच नाही, तर एमएलएलपीसारखी दुसरीच खूण पाठवतो. मग डिकोडर शांतपणे वाट बघत बसतो. छोटे मेसेज गायब, आणि साठत साठत १,०२४ ओलांडले की मग एक्सेप्शन. 'पहिले चार मेसेज जातच नाहीत, पाचव्याला एरर येते' अशी तक्रार आली तर आधी ही खूण तपासा.

लांबी मोजताना मराठी

आता माझा आवडता भाग. सुरुवातीला लांबी लिहायची पद्धत घेतली, तर ती लांबी कशाची? अक्षरांची की बाइटची?

'नमस्कार' हा शब्द घ्या. जवात त्याची लांबी विचारली तर उत्तर येतं ७: न, म, स, हलन्त, क, काना, र. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कॅरॅक्टर ३ बाइट घेतो, म्हणजे वायरवर २१ बाइट जातात. पाठवणाऱ्याने '७' लिहून २१ बाइट पाठवले, तर घेणारा ७ बाइट उचलतो: न चे तीन, म चे तीन, आणि स चा एक तृतीयांश. स्क्रीनवर 'नम' आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. शिवाय उरलेले १४ बाइट पुढच्या मेसेजच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि तिथून पुढे सगळं वाचन बिघडतं.

'हॅलो वर्ल्ड' इंग्रजीत पाठवून केलेल्या चाचणीत हे कधीच पकडलं जात नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. म्हणून चाचणीचा मेसेज मराठीत ठेवा आणि त्यात एक इमोजीही टाका. एक साधा इमोजी जवात २ मोजला जातो आणि वायरवर ४ बाइट घेतो. सगळे गैरसमज एका फटक्यात बाहेर येतात. नियम सोपा आहे: आधी मजकुराचे बाइट करा, मग त्या बाइटची लांबी मोजा.

नेटीच्या 'लेंथ फील्ड बेस्ड फ्रेम डिकोडर'मध्ये आणखी दोन खड्डे आहेत. काही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेल्या लांबीत त्या लांबीचे स्वतःचे ४ बाइटही धरलेले असतात. तसं असेल तर 'लेंथ अॅडजस्टमेंट' उणे ४ द्यायचं. नाही दिलं तर डिकोडर आणखी ४ बाइटांची वाट बघतो, ते पुढच्या मेसेजमधून ओढतो, आणि प्रत्येक मेसेज एक पाऊल मागे राहतो. दुसरा खड्डा बाइटच्या क्रमाचा. समोरच्याने २१ हा आकडा उलट्या क्रमाने लिहिला, तर तुम्ही तो ३५,२३,२१,५३६ असा वाचता. एक्सेप्शनमध्ये असा अचाट आकडा दिसला तर मर्यादा वाढवत बसू नका, बाइटचा क्रम बदला.

आणि हो, फ्रेम डिकोडर तुकडे स्वतःजवळ साठवतो, म्हणून प्रत्येक कनेक्शनला नवा डिकोडर हवा. एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना दिला तर पहिलं कनेक्शन चालतं, दुसऱ्याला नेटी थेट नकार देतो. कॅमलमध्ये त्यासाठी 'चॅनल हँडलर फॅक्टरीज' आहेत, त्यातून डिकोडर घ्या.

यूडीपी: इथे शेपूट सापडत नाही

यूडीपीचं गणित उलटं आहे. १९८० चा आरएफसी ७६८. इथे मेसेजच्या सीमा पाळल्या जातात: एक सेंड, एक पॅकेट, एक रिसीव्ह. पण घेणाऱ्याने लहान भांडं पुढे केलं, तर जेवढं मावलं तेवढं आत आणि बाकीचं जमिनीवर. जवाच्या 'डेटाग्राम चॅनल'च्या कागदपत्रांत तसं लिहिलेलंच आहे: उरलेला भाग काही न बोलता टाकून दिला जातो. एक्सेप्शन नाही, लॉग नाही.

ते भांडं केवढं? नेटी ३ मध्ये मूळ सेटिंग होतं ७६८ बाइट. (आरएफसीचाही क्रमांक तोच, हा निव्वळ योगायोग.) नेटी ४ मध्ये ते २,०४८ झालं. म्हणजे यूडीपीवरचे मेसेज बरोबर ७६८ किंवा २,०४८ वर तुटत असतील, तर आणखी काही शोधायची गरज नाही.

इथे लोक हमखास 'रिसीव्ह बफर साइज' हा पर्याय वाढवतात. ते म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तो पर्याय ऑपरेटिंग सिस्टिममधल्या रांगेची जागा ठरवतो, आणि मुळातच ६५,५३६ बाइट आहे. एका वेळी वाचायच्या भांड्याचा आकार ठरवणारा पर्याय वेगळा: 'रिसीव्ह बफर साइज प्रेडिक्टर'. त्याला ८,१९२ किंवा तुमचा सगळ्यात मोठा मेसेज मावेल असा आकडा द्या. आयपीव्ही४ वर यूडीपीच्या एका मेसेजमध्ये ६५,५०७ बाइटांहून जास्त मावतच नाहीत, त्यामुळे त्याच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

कधी भांडं मोठं करूनही मेसेज १,०२४ वरच तुटतो. सिसलॉग असेल तर पाठवणाऱ्याकडे बघा. जुन्या आरएफसी ३१६४ मध्ये मेसेजची मर्यादाच १,०२४ बाइट आहे आणि काही उपकरणं ती अजून पाळतात. तिथे तुमच्या हातात काही नाही, उपकरणाचं सेटिंग बदलून घ्या.

तपासताना

वायरवर काय येतंय ते आधी बघा. वायरशार्कमध्ये 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' केलं की सगळा प्रवाह सलग दिसतो. तिथे मेसेज पूर्ण असेल तर दोष तुमच्या डिकोडरमध्ये आहे, अपुरा असेल तर पाठवणाऱ्याकडे. जुन्या सर्व्हरवर टीसीपीडम्प वापरत असाल तर 'एस' पर्यायाला शून्य द्या, नाहीतर ते स्वतःच पॅकेटचे सुरुवातीचे काही बाइट ठेवून बाकीचे सोडून देतं आणि तुम्ही भलत्यालाच दोष देता.

तुटण्याची जागा दर वेळी वेगळी असेल, आणि तीही मेसेजच्या शेवटी शेवटी, तर पाठवणारा कनेक्शन घाईत बंद करत नाही ना ते पाहा. आपल्याकडे आलेलं न वाचताच सॉकेट बंद केला तर रीसेट जातो, आणि समोरच्याने अजून न वाचलेले बाइट त्यात जाऊ शकतात.

कॅमल स्वतः पाठवणारं असेल आणि उत्तराची वाट बघत असेल, तर डिकोडरमधून बाहेर पडलेली पहिली गोष्ट ते उत्तर म्हणून घेतं. म्हणजे फ्रेमिंग उत्तराच्या बाजूलाही लागते. हे बरेच जण विसरतात.

टीसीपीसाठी मी प्रत्येक नव्या जोडणीवर एक चाचणी चालवतोच. पायथनमध्ये दहा ओळींत होते: मेसेजचे बाइट करा, एखाद्या मराठी अक्षराच्या मधोमध कापा, पहिला भाग पाठवा, एक सेकंद थांबा, दुसरा पाठवा. मग उलट करा, दोन मेसेज चिकटवून एकाच सेंडमध्ये पाठवा. पहिल्या वेळी एकच मेसेज आला पाहिजे, दुसऱ्या वेळी बरोबर दोन. लूपबॅकवरही ही चाचणी दोष पकडते, कारण ती पॅकेटच्या आकारावर अवलंबून नाही.

शेवटी मर्यादांबद्दल. वैतागून 'डिकोडर मॅक्स लाइन लेंथ' दोन अब्जांवर नेऊन ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. असं करू नका. ती मर्यादा आहे म्हणूनच कुणी नवी ओळ न देता नुसते बाइट ओतत राहिलं तर सर्व्हरची मेमरी भरत नाही. तुमचा खरा सगळ्यात मोठा मेसेज बाइटमध्ये मोजा, त्याच्या दुप्पट किंवा चौपट ठेवा, आणि 'टू लाँग फ्रेम' आलं की कुणाच्या तरी फोनवर अलर्ट जाईल अशी सोय करा.